प्रथिने किती हवीत? एका आकड्याची दीडशे वर्षे

आहाराचा पाठ शिकवून झाला की वर्गात खरे प्रश्न सुरू होतात. ‘सर, माझा दादा व्यायामशाळेत जातो. त्याने प्रथिनांच्या पावडरीचा डबा आणलाय. ती घेतल्याशिवाय अंगात ताकद येत नाही का?’ दुसऱ्या बाकावरून कोणी विचारते, ‘भात खाल्ला की माणूस सुस्त होतो, हे खरं का?’ तिसऱ्याच्या आजीने तूप चांगले म्हणून सांगितलेले असते आणि डॉक्टरांनी बंद करायला सांगितलेले असते. शिक्षक पाठ्यपुस्तकातल्या तक्त्याकडे बोट दाखवतात. पण तक्त्यातला आकडा कोठून आला, तो कोणी आणि कोणाला मोजून काढला, हे पाठ्यपुस्तकात नसते. हा इतिहास ठाऊक असेल तर उलटसुलट सल्ल्यांच्या गर्दीत आपले ताट कसे ठरवावे, हे पुष्कळ सोपे होते. त्यासाठी आपण एकच आकडा घेऊ : माणसाला रोज किती प्रथिने लागतात?

डोंगर चढलेले दोन प्राध्यापक

१८४२ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी प्राण्यांच्या रसायनशास्त्रावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. स्नायू प्रथिनांचे बनलेले असतात. तेव्हा स्नायूंनी काम केले की त्यांतलीच प्रथिने खर्च होत असली पाहिजेत, असे त्यांनी मांडले. कर्बोदके आणि स्निग्ध पदार्थ यांचे काम शरीर उबदार ठेवण्याचे. मग जो जास्त कष्ट करतो त्याने जास्त मांस खावे, हा सल्ला ओघानेच आला. तर्क सुटसुटीत होता आणि लीबिग यांचे नाव मोठे होते, त्यामुळे तो लवकर रुजला.

झुरिक येथील दोन प्राध्यापकांनी तो तपासायचे ठरवले. आडोल्फ फिक हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ आणि योहानेस विस्लिसेनस हे रसायनशास्त्रज्ञ. ३० ऑगस्ट १८६५ रोजी ते स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न नावाचा डोंगर चढले. आदल्या दुपारपासून त्यांनी प्रथिने असलेले काहीही खाल्ले नव्हते. पिष्टाच्या, चरबीत तळलेल्या वड्या आणि साखर घातलेला चहा एवढ्यावरच ते होते. चढताना आणि चढून झाल्यावर काही तास त्यांनी आपले मूत्र गोळा केले. शरीरात प्रथिने मोडली की त्यांतील नत्र मुख्यतः युरियाच्या रूपाने मूत्रावाटे बाहेर पडतो. म्हणजे मूत्रातील नत्र मोजला की किती प्रथिने खर्च झाली ते कळते.

हा हिशोब फळ्यावर करून पाहण्यासारखा आहे. फिक यांचे वजन साहित्यासह ६६ किलो धरले होते आणि ते १९५६ मीटर चढले. ६६ गुणिले १९५६ म्हणजे सुमारे १,२९,००० किलोग्रॅम-मीटर काम झाले. आजच्या एककांत हे सुमारे ३०० कॅलरी होतात. (आहारशास्त्रात जिला कॅलरी म्हणतात ती भौतिकशास्त्रातील किलोकॅलरी असते.) त्या वेळात खर्च झालेली प्रथिने होती सुमारे ३७ ग्रॅम. एक ग्रॅम प्रथिनापासून सुमारे ४ कॅलरी मिळतात, म्हणजे एकूण १५० कॅलरी. चढाईलाच ३०० कॅलरींचे काम झाले, आणि प्रथिनांनी फार तर १५० पुरवल्या. शिवाय स्नायू इंधनातल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच प्रत्यक्ष कामात उतरवू शकतात, हेही धरले तर फरक आणखी वाढतो. उरलेली ऊर्जा आली कोठून? अर्थातच पिष्ट, साखर आणि चरबीतून. अन्नातील ऊर्जा मोजण्याची सोय तेव्हा फिक यांच्याजवळ नव्हती. पुढच्याच वर्षी एडवर्ड फ्रँकलंड यांनी ती मोजली आणि निष्कर्ष पक्का झाला.

डोंगर चढायला भाकरी पुरते, हे अशा रीतीने १८६६ सालीच सिद्ध झाले होते. पण सिद्ध होणे आणि लोकांनी मानणे यांत अंतर असते.

११८ ग्रॅमचा आकडा

म्यूनिक येथील कार्ल फॉन फॉइट हे त्या काळचे आहारशास्त्रातले मोठे नाव. मध्यम श्रम करणाऱ्या कामगाराला रोज ११८ ग्रॅम प्रथिने हवीत, असा आकडा त्यांनी दिला. अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर यांनी तो १२५ ग्रॅमपर्यंत नेला. हे आकडे निघाले ते मुख्यतः धडधाकट, कमावते कामगार प्रत्यक्षात काय खातात हे पाहून. आता येथे जरा थांबून विचार करा. माणूस जे खातो तेच त्याला लागते, असे म्हणता येईल का? खिशात पैसे असलेला कामगार मांस आवडते म्हणूनही खाईल. ‘खातो’ आणि ‘लागते’ या दोन क्रियापदांची गल्लत झाली, आणि ती पुढे अनेक वर्षे टिकली.

ही गल्लत अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या रसेल चिटेंडन यांनी उघड केली. १९०२ पासून त्यांनी स्वतःवर, काही सहकाऱ्यांवर, १३ सैनिकांवर आणि ८ विद्यार्थी-खेळाडूंवर महिनोन्‌महिने प्रयोग केले. प्रथिनांचे प्रमाण फॉइट यांच्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास आणले. कोणी खंगले नाही. सैनिकांची आणि खेळाडूंची ताकद मोजली तेव्हा ती घटण्याऐवजी वाढलेली दिसली. १९०४ मध्ये त्यांनी हे सारे पुस्तकरूपाने मांडले. अर्थात सैनिकांना रोज व्यायामही होता, तेव्हा ताकद वाढण्याचे सगळे श्रेय आहाराला देता येत नाही. पण ११८ ग्रॅम ही गरज नव्हे, एवढे नक्की झाले.

आकडा भारतात येतो

एकदा आकडा ‘शास्त्रीय’ ठरला की त्याचा वापर भलत्याच कामासाठी होऊ लागतो. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात डेव्हिड मॅक्के हे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. १९१२ मध्ये प्रथिनांवर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी चिटेंडन यांना विरोध केला. बंगाली माणूस भातावर राहतो, त्याच्या आहारात प्रथिने कमी, म्हणून तो अंगाने दुबळा. उत्तरेकडचे गहू-मांस खाणारे म्हणून बलवान, असा त्यांचा युक्तिवाद होता. ‘लढाऊ जमाती’ आणि ‘बिनलढाऊ जमाती’ अशी विभागणी करणाऱ्या राज्यकर्त्यांना तो सोयीचा होता. दारिद्र्य, हिवताप, जंत, अर्धपोटी राहणे ही कारणे बाजूला पडली आणि दोष भाताच्या माथी आला. ‘भाताने माणूस सुस्त होतो’ हे वाक्य वर्गात ऐकू आले की मला मॅक्के आठवतात.

पुढे निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी उंदरांना भारतातील निरनिराळ्या प्रांतांतील जेवण देऊन पाहिले. शिखांच्या जेवणावरचे उंदीर सर्वांत चांगले वाढले, मद्रासकडच्या जेवणावरचे सर्वांत कमी. मराठ्यांचे जेवण मधे कोठेतरी आले. हे प्रयोग पुष्कळदा ‘गहू श्रेष्ठ, तांदूळ कनिष्ठ’ असे सांगण्यासाठी वापरले गेले. पण शिखांच्या जेवणात नुसता गहू नव्हता. न चाळलेल्या पिठाची रोटी, दूध, लोणी, डाळ, पालेभाजी, फळे, अधूनमधून मांस असे सगळे होते. मॅककॅरिसन यांचा स्वतःचा भरही या सबंध जेवणावर होता. ताट मोजले होते, श्रेय एका धान्याने घेतले.

‘प्रथिनांची दरी’

यानंतरचे प्रकरण अधिक गंभीर आहे, कारण त्यात लहान मुलांचे आयुष्य गुंतले होते. डॉ. सिसिली विल्यम्स या आफ्रिकेतील गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, काम करत होत्या. दीड-दोन वर्षांच्या मुलांत त्यांना एक आजार दिसला : हातपाय सुजलेले, कातडी सोललेली, केस विटलेले, मूल चिडचिडे. १९३३ मध्ये त्यांनी त्याचे वर्णन केले आणि १९३५ मध्ये त्याचे स्थानिक नाव वैद्यकात आणले : क्वाशिओरकोर. धाकटे भावंड झाल्यावर आईच्या अंगावरून तुटलेल्या मुलाला होणारा आजार, असा गा भाषेतील त्या शब्दाचा आशय आहे. अशी मुले मक्याच्या पेजेवर होती. आहारातील प्रथिने कमी पडत असावीत, अशी शंका डॉ. विल्यम्स यांनी जपून मांडली होती.

शंकेचा सिद्धांत व्हायला वेळ लागला नाही. १९५२ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व शेती संघटना यांच्या वतीने ब्रॉक आणि ऑत्रे यांनी आफ्रिकेची पाहणी करून अहवाल दिला. १९५५ मध्ये प्रथिनांसाठी खास सल्लागार गट नेमला गेला. जगातील गरीब देशांत प्रथिनांची मोठी दरी आहे आणि ती भरून काढणे हाच कुपोषणावरचा मुख्य उपाय, असे सर्वत्र बोलले जाऊ लागले. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालाने येऊ घातलेल्या ‘प्रथिन-संकटा’चा इशारा दिला. माशांची भुकटी, ग्वातेमालात तयार केलेले इन्कापरिना नावाचे पीठ, लायसीन जास्त असलेला मका, इतकेच काय, खनिज तेलावर वाढवलेल्या यीस्टची प्रथिने, अशा अनेक योजनांवर बुद्धी आणि पैसा खर्च झाला.

मुलाला मुळात पोटभर जेवायला मिळते का, हा साधा प्रश्न या गडबडीत मागे पडला.

हैदराबाद आणि पुणे

तो प्रश्न पुन्हा पुढे आणण्यात भारतीय शास्त्रज्ञांचा वाटा मोठा आहे. कुन्नूरची प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला आली. तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. तेथे डॉ. सी. गोपालन यांनी एक गोष्ट बारकाईने तपासली. काही कुपोषित मुले सुजतात, त्यांना क्वाशिओरकोर होतो. काही नुसती हाडांचा सापळा होतात, त्याला मरॅस्मस म्हणतात. पहिल्या गटाला प्रथिने कमी आणि दुसऱ्याला कॅलरी कमी, असे पुस्तके सांगत. १९६८ मध्ये गोपालन यांनी दाखवले की दोन्ही गटांतील मुलांच्या आहारात असा फरक नव्हताच. दोघांचेही जेवण सारखेच होते आणि ते सारखेच अपुरे होते.

मग त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादजवळच्या खेड्यांतील एक ते पाच वर्षांच्या मुलांना चौदा महिने रोज एक खाऊ दिला. गव्हाचे पीठ, साखर आणि तेल यांचा. त्यातून सुमारे ३१० कॅलरी मिळत आणि प्रथिने फक्त ३ ग्रॅम. १९७३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खाऊ मिळालेली मुले न मिळालेल्यांपेक्षा उंची आणि वजन दोन्हींत पुढे गेली. रोजच्या जेवणात प्रथिने होती. ती वापरायला ऊर्जा कमी पडत होती.

हे का होते, ते मुलांना असे सांगता येईल. घरात सरपण संपले आणि चूल तर पेटती ठेवायचीच आहे, तर माणूस घराचे वासे काढून जाळील. शरीराचेही तसेच. ऊर्जा अपुरी पडली की प्रथिने इंधन म्हणून जाळली जातात. अशा उपाशी मुलाला महागडी प्रथिन-भुकटी दिली तर तिचाही बराच भाग सरपणातच जातो.

हीच गोष्ट आकडेवारीच्या अंगाने मांडणारे शास्त्रज्ञ मराठी होते. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ मध्ये सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे लंडनला शिकून ते संख्याशास्त्रज्ञ झाले आणि १९५१ पासून सुमारे वीस वर्षे रोम येथे अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. १९७० मध्ये त्यांनी भारतीय कुटुंबांच्या आहाराच्या पाहण्या तपासल्या. प्रत्येक कुटुंबाच्या कॅलरी आणि प्रथिने एकत्र पाहिली तेव्हा दिसले की जेथे प्रथिने कमी पडतात तेथे जवळजवळ नेहमी जेवणच कमी असते. डाळ-भाकरीचे जेवण पोटभर मिळाले तर प्रथिनांची गरज सहसा त्यातच भागते.

१९७४ मध्ये डोनाल्ड मॅक्लारेन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात या साऱ्या प्रकरणाला ‘प्रथिनांची महान फजिती’ अशा अर्थाचे नाव दिले. खोट्या संकटामागे धावण्यात वर्षे आणि पैसा गेला आणि तेवढ्या काळात मुले मरत राहिली, असा त्यांचा आरोप होता. जागतिक संघटनांच्या तज्ज्ञ समितीनेही १९७३ च्या अहवालात प्रथिनांची गरज आधीपेक्षा कमी धरली.

तरी वाद संपत नाही

येथे गोष्ट संपवली तर ती फार सोयीची होईल. निवृत्तीनंतर सुखात्मे पुण्याला आले आणि आणखी पुढे गेले. एकाच माणसाची गरजही रोज सारखी नसते, शरीर कमी-जास्त खाण्याशी जुळवून घेते. म्हणून सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित असे मोजू नये, असे ते म्हणू लागले. पुण्याच्याच गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये माणशी रोज २२५० कॅलरी धरून दारिद्र्यरेषा मांडली होती. त्यामुळे सुखात्मे आणि दांडेकर यांच्यात पुढे कित्येक वर्षे जाहीर वाद झाला. शरीर जुळवून घेते म्हणजे नेमके काय करते? ते काम कमी करते, की वाढ थांबवते? मूल लहानखुरे राहिले पण ‘ठीक’ आहे, असे म्हणून चालेल का? अशा विचाराला गोपालन यांनीही ठाम विरोध केला. ज्यांनी मिळून प्रथिनांचा भ्रम दूर केला, तेच ‘पुरेसे जेवण म्हणजे किती’ यावर एकमेकांशी असहमत होते.

प्रथिने महत्त्वाची नाहीत असेही यातून निघत नाही. क्वाशिओरकोर नेमका का होतो, यावर आजही संशोधन चालू आहे. ज्या घरात नुसता भात किंवा नुसती भाकरी मिरचीबरोबर खाल्ली जाते, डाळ परवडत नाही, तेथे लायसीन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी पडू शकते. ‘पोटभर’ म्हणजे धान्याने भरलेले पोट एवढाच अर्थ नाही.

मग आपण काय करावे?

आजचा आकडा सांगतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये निरोगी प्रौढासाठी वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम प्रथिने सुचवली. जेवण मुख्यतः धान्याचे असेल तर सुमारे १ ग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ते ६० ग्रॅम. आता एक साधे ताट मांडू. दिवसाला ४०० ग्रॅम ज्वारीतून सुमारे ४० ग्रॅम प्रथिने, ६० ग्रॅम तूरडाळीतून १३ आणि २५ ग्रॅम शेंगदाण्यातून ६. बेरीज ५९. यात अजून दूध, अंडे, मासा काहीच धरलेले नाही. धान्यात लायसीन कमी आणि डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनीन कमी आणि धान्यात बरे. वरण-भात, भाकरी-पिठले, थालीपीठ, मेतकूट-भात ही जोडी आपल्या आज्यांना अमिनो आम्लांची नावे न कळताही जमलेली आहे.

त्या मुलाच्या दादाला काय सांगायचे? २०२४ मध्ये राष्ट्रीय पोषण संस्थेने दिलेल्या आहारविषयक सूचनांत अशा भुकट्या टाळायलाच सांगितले आहे. व्यायाम करणाऱ्याला थोडी जास्त प्रथिने लागतात, पण ती डाळ, उसळ, दूध, अंडी यांतून मिळतात. डब्याच्या पैशासाठी घरातले दूध कमी झाले असेल, तर नुकसान धाकट्याचे आहे.

आणि नवा सल्ला कानावर आला की या इतिहासातून मिळालेले चार प्रश्न विचारावेत. पहिला : हे कोणाला मोजून ठरवले? फॉइट यांचा कामगार, मॅककॅरिसन यांचा उंदीर की माझ्यासारखा माणूस? दुसरा : ज्याला सल्ला द्यायचा त्याचे पोट आधी भरते का? अर्धपोटी मुलासाठी आणि जास्त खाणाऱ्या बैठ्या माणसासाठी एकच सल्ला असू शकत नाही. तिसरा : सल्ला एका घटकाविषयी आहे की सबंध ताटाविषयी? एका पदार्थाला नायक किंवा खलनायक ठरवणारे सल्ले बहुधा टिकत नाहीत. चौथा : हे घ्यायचे तर ताटातून काय जाणार, आणि पैसा कोणाकडे जाणार?

माझ्यापुरते नियम मी थोडेच ठेवले आहेत. धान्य आणि डाळ एकत्र. रोज एक पालेभाजी आणि एखादे स्वस्त, हंगामी फळ. दूध, अंडी किंवा मासे घरच्या रीतीप्रमाणे आणि परवडतील तसे. साखर, मीठ, तेल मोजून. लहान मुलाचे पोट लहान असते, म्हणून त्याला दोनच वेळा वाढण्यापेक्षा चार-पाच वेळा, आणि पेजेत डाळ व थोडे तेल-तूप घालून. आजारी माणूस, विशेषतः मूत्रपिंडाचा विकार असलेला, आणि गरोदर बाई यांच्यासाठी मात्र डॉक्टरांचाच सल्ला.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात शाळेतल्या जेवणासाठी दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले गेले : प्राथमिक वर्गांसाठी ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, उच्च प्राथमिकसाठी ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. यातला एकच आकडा पाहिला की काय होते, ते आपण आता जाणतो. पुढच्या आठवड्यात मुलांना शाळेतल्या खिचडीचा तांदूळ, डाळ आणि तेल वजन करायला सांगा आणि हे दोन्ही आकडे फळ्यावर काढायला लावा. आणि बेरीज करून झाली की वर्गावरून एकदा नजर फिरवा : आज सकाळी काही न खाता कोण आले आहे?